कोल्हापुरात निवडुंग आणि सक्युलंट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंगळवार पेठेतील एका तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर गेली काही वर्षे मी निवडुंग आणि सक्युलंट वाढवीत आहे. गच्ची रस्त्यावरून दिसते, त्यामुळे प्रश्न येतात. मार्चमध्ये लोक पाणी किती घालावे असे विचारतात आणि जुलैमध्ये रोप पाणी पाणी होऊन का बसले असे विचारतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात सांगितलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगण्याऐवजी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. निवडुंग, कॅक्टस आणि सक्युलंट यांत नेमका फरक काय?

पान, खोड किंवा मूळ यांत पाणी साठवणाऱ्या सर्व मांसल वनस्पतींना सक्युलंट म्हणतात, आणि कॅक्टस हे त्यांतील एक कूळ आहे. त्यामुळे कोरफड सक्युलंट आहे, पण कॅक्टस नाही. खरा गोंधळ मराठीतील ‘निवडुंग’ या शब्दाने होतो, कारण आपण तो दोन अगदी वेगळ्या कुळांना लावतो. फड्या निवडुंग हा खरा कॅक्टस आहे आणि तो मूळचा अमेरिका खंडातील आहे. त्रिधारी निवडुंग, वई निवडुंग आणि कुंपणाचा शेर हे मात्र युफोर्बिया, म्हणजे एरंडाच्या कुळातले आहेत.

ओळखण्यासाठी भिंग घेऊन काट्याच्या बुडाशी पाहावे. कॅक्टसचे काटे लोकरीसारख्या एका लहानशा गादीतून झुबक्याने निघतात. ही गादी कॅक्टस कुळाखेरीज कोठेच नसते. युफोर्बियाला गादी नसते आणि टाचणी टोचताच पांढरा चीक येतो. चीक ही खूण मात्र एकटी पुरेशी नाही, कारण मॅमिलारिया या कॅक्टसच्या काही जातींनाही पांढरा चीक असतो. हा फरक पुस्तकी वाटेल, पण प्रश्न १४ ते १६ वाचताना तो कळीचा ठरतो.

२. कोल्हापूरची हवा या झाडांना मानवते का?

वर्षातील आठ महिने उत्तम मानवते. हिवाळ्यात येथे दव गोठण्याइतकी थंडी पडत नाही आणि उन्हाळ्यातील चाळिशीच्या आसपासचे तापमान बहुतेक जाती सहन करतात. अडचण जून ते सप्टेंबर या चार महिन्यांची आहे. सतत ओली हवा, दिवसेंदिवस न दिसणारा सूर्य आणि पश्चिमेकडून येणारी झड यांत वाळवंटातील झाडाची मुळे गुदमरतात. राधानगरी, पन्हाळा किंवा गगनबावड्याकडे राहणाऱ्यांना हा त्रास शहरापेक्षा कितीतरी अधिक होतो, तर शिरोळकडील मंडळींना बराच कमी होतो. म्हणून सोलापूरच्या नातेवाइकाने सांगितलेले पाण्याचे वेळापत्रक येथे जसेच्या तसे चालत नाही.

३. माती कोणती वापरावी? मळ्यातील काळी माती चालेल का?

चालणार नाही. उसाला सोन्यासारखी असणारी काळी माती कुंडीत पाणी धरून ठेवते, वाळली की भेगा पडून आक्रसते आणि बारीक मुळे तोडते. आपल्याकडे जांभ्याची तांबडी, खरबरीत माती सहज मिळते आणि ती अधिक चांगली. मी जांभ्याची चाळलेली माती एक भाग, जुने गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेले शेणखत अर्धा भाग, आणि हरभऱ्याएवढे विटांचे तुकडे, कोळसा व जाड वाळू मिळून दोन भाग असे मिश्रण करतो. क्रश सँड वापरायची असेल, तर आधी धुऊन तिची भुकटी काढून टाकावी, अन्यथा ती सिमेंटासारखी थापून बसते. साखर कारखान्याची प्रेसमड (उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ) येथे टाळावी. नत्र जास्त झाल्याने झाड फुगते, मऊ पडते आणि लवकर कुजते.

कुंडीच्या तळाशी खडीचा थर देण्याची सवय जुनी आहे, पण तिचा उपयोग होत नाही. बारीक मातीतील पाणी पूर्ण भिजल्याखेरीज खालच्या खडीत उतरत नाही, त्यामुळे ओली पट्टी उलट मुळांच्या जवळ वर सरकते. भोकावर जाळीचा एक तुकडा ठेवून संपूर्ण कुंडीत एकच भुसभुशीत मिश्रण भरावे.

४. पाणी किती दिवसांनी घालावे?

दिवस मोजून पाणी घातले, तर चूक होतेच. जळून गेलेल्या अगरबत्तीची काडी कुंडीच्या तळापर्यंत खुपसून पाच मिनिटांनी काढावी. तिला माती चिकटून आली, तर पाणी घालू नये. कोरडी आली, तर तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत भरपूर घालावे आणि पुन्हा कोरडे होईपर्यंत हात लावू नये. रोज दोन चमचे पाणी देणे ही सर्वांत वाईट पद्धत आहे.

अंदाज हवाच असेल, तर माझ्या गच्चीवर एप्रिलमध्ये मातीच्या चार इंची कुंडीला आठवड्याने, प्लॅस्टिकच्या कुंडीला दहा-बारा दिवसांनी आणि डिसेंबरमध्ये तीन आठवड्यांनी पाणी लागते. बोअरच्या पाण्याने कुंडीच्या कडेला पांढरे क्षार जमत असतील, तर वर्षातून दोनदा पावसाच्या साठवलेल्या पाण्याने माती धुवून काढावी. पावसाळ्यासाठी प्रश्न ५ पाहावा.

५. पावसाळ्यात कुंड्या कोठे ठेवाव्यात?

छपराखाली, पण उजेडात. मृगाच्या आधी गच्चीच्या पूर्व बाजूला पारदर्शक पत्रा टाकून घ्यावा, पश्चिमेची बाजू झडीसाठी झाकावी आणि उरलेल्या बाजू वाऱ्यासाठी उघड्या ठेवाव्यात. प्लॅस्टिकच्या कागदाने चारही बाजू बंद केल्यास आत घाम धरतो आणि बुरशी वाढते. कुंड्या जमिनीवर न ठेवता विटांवर किंवा लोखंडी मांडणीवर ठेवाव्यात.

पहिल्या वर्षी मी हे केले नव्हते. ‘पावसाचे पाणी अमृत’ या समजुतीने साठेक कुंड्या उघड्यावर सोडल्या आणि आषाढ संपेपर्यंत त्यांतील निम्म्याहून अधिक गेल्या. वरून हिरवे दिसणारे गोल निवडुंग बोट लावताच पिकलेल्या चिकूसारखे आत गेले. तेव्हापासून जुलै आणि ऑगस्टमध्ये मी गोल कॅक्टसना पाणी जवळजवळ देतच नाही. हवेतील ओलावा त्यांना पुरतो. कोरफड, घायपात, शेर आणि फड्या निवडुंग जमिनीत, उतारावर लावलेले असतील, तर त्यांना पावसाचे भय नाही.

६. निवडुंग बुडाशी तपकिरी झाला आहे. तो कुजतो आहे का?

दाबून पाहावे. बूड कडक, कोरडे आणि सालीसारखे असेल, तर ते वयाचे लक्षण आहे आणि काही करण्याची गरज नाही. मऊ, ओलसर आणि आंबूस वास येणारे असेल, तर ती कूज आहे आणि एक दिवसही थांबू नये. स्पिरिटने पुसलेल्या धारदार सुरीने वरचा निरोगी भाग कापावा. कापलेल्या चकतीत लालसर-तपकिरी ठिपका किंवा कडे दिसले, तर आणखी वर कापावे. दर कापानंतर सुरी पुन्हा पुसावी. पूर्ण स्वच्छ हिरवट-पांढरा गर दिसला की तो भाग सावलीत सुकत ठेवावा. बोटाएवढ्या तुकड्याला आठवडा पुरतो, मुठीएवढ्याला दोन ते तीन आठवडे लागतात. जखमेवर कोरडी खपली धरल्यावरच कोरड्या मिश्रणावर ठेवावे आणि मुळे फुटेपर्यंत पाणी घालू नये. साधे फाटे लावतानाही हीच पद्धत वापरावी.

७. उन्हात ठेवल्यावर पांढरे-पिवळे डाग पडले. कॅक्टसला ऊन सोसत नाही का?

सोसते, पण सवयीने. रोपवाटिकेतील हिरव्या जाळीखालचे रोप एप्रिलच्या उन्हात एकदम ठेवले की त्याची कातडी भाजते आणि तो डाग कायम राहतो. पहिला आठवडा सकाळचे दोन तास, मग हळूहळू वाढवीत महिन्याभराने पूर्ण ऊन द्यावे. हॉवर्थिया आणि गॅस्टेरिया या कोरफडीच्या नात्यातील लहान सक्युलंटना मात्र कधीही भर दुपारचे ऊन देऊ नये.

८. काट्यांमध्ये कापसासारखे पांढरे काही दिसते. ते काय आहे?

पिठ्या ढेकूण. कापसाचा बोळा किंवा जुना ब्रश सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून एकेक टिपून काढावा आणि दर आठवड्याला महिनाभर हे करावे. नंतर झाड दोन दिवस सावलीत ठेवावे. रोप कुंडीतून उपटल्यावर मुळांवरही पांढरे पीठ दिसले, तर सर्व माती टाकून मुळे धुवावीत आणि नवी माती भरावी. निळसर-पांढरी साय असलेल्या एकेव्हेरियासारख्या रोपांवर निंबोळी तेल फवारू नये, साय जाते आणि परत येत नाही.

९. लाल-पिवळ्या डोक्याचा निवडुंग आणला होता. दोन वर्षांत मेला. माझे काय चुकले?

बहुधा काहीच चुकले नाही. तो एकावर एक कलम केलेला असतो. वरच्या रंगीत गोळ्यात हरितद्रव्य नसल्याने तो स्वतःचे अन्न करू शकत नाही आणि खालच्या हिरव्या तिधारी खोडावर जगतो. ते खोड ड्रॅगन फ्रूटच्या जवळचे असते, त्याची वाढ वेगळी असते आणि काही वर्षांत जोड फिसकटतो. रंगीत भाग कोवळ्या खोडावर पुन्हा कलम करता येतो.

याच निमित्ताने आणखी एक सांगतो. फुललेला म्हणून विकला जाणारा लहान कॅक्टस घेताना फूल हलकेच उचलून पाहावे. मी एका रोपवाटिकेतून आणलेल्या रोपाचे फूल तीन महिने कोमेजले नाही, तेव्हा लक्षात आले की ते वाळलेले कागदी फूल गरम डिंकाने चिकटवले होते.

१०. ब्रह्मकमळ हा कॅक्टस आहे हे खरे का? मग ते उन्हात का जळते?

खरे आहे. आपल्याकडे श्रावणाच्या सुमारास रात्री फुलते आणि शेजाऱ्यांना बोलावून दाखवले जाते ते ब्रह्मकमळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या दमट जंगलांत झाडांवर वाढणारा कॅक्टस आहे. ज्याला आपण पान म्हणतो ते त्याचे चपटे खोड आहे, आणि कळी त्याच्याच कडेच्या खाचेतून येते. हिमालयातील ब्रह्मकमळ ही सूर्यफुलाच्या कुळातील पूर्ण वेगळी वनस्पती आहे.

म्हणून या लेखातील बहुतेक नियम याला लागू होत नाहीत. त्याला विरळ सावली, पालापाचोळ्याचे खत असलेली माती आणि पावसाळ्यात नियमित ओलावा हवा. कोल्हापूरचा पाऊस ज्या कॅक्टसना मनापासून आवडतो त्यांत याचा क्रमांक पहिला.

११. माझा निवडुंग फुलत का नाही?

तीनच कारणे संभवतात. झाड लहान आहे, ऊन कमी आहे, किंवा हिवाळ्यात त्याला कोरडी विश्रांती मिळत नाही. डिसेंबर-जानेवारीत पाणी अगदी कमी करून पाहावे. मॅमिलारिया बहुधा फेब्रुवारीपासून डोक्याभोवती फुलांचे कडे धरते. गोल्डन बॅरल मात्र फुलण्याच्या आकाराला येण्यास दशके घेतो, त्याची वाट पाहू नये.

१२. दारावर उलटी टांगलेली कोरफड मातीशिवाय जगते. त्यात काही दैवी आहे का? आणि घरात काटेरी झाड अशुभ असते का?

टांगलेली कोरफड स्वतःच्या पानांतील साठा पुरवून खाते. तिची पर्णरंध्रे दिवसा मिटलेली आणि रात्री उघडी असतात, त्यामुळे पाणी फारच हळू उडते. सहा-आठ महिन्यांनी उतरवून पाहिल्यास पाने पातळ, आत वळलेली दिसतात. तेव्हा कुंडीत लावली तर ती बहुधा पुन्हा धरते. दृष्ट लागू नये म्हणून ती टांगावी की नाही हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग आहे. काटेरी झाड अशुभ असल्याला वनस्पतिशास्त्रात आधार नाही. लहान मुले रांगत असतील त्या खोलीत ते ठेवू नये, एवढा व्यवहार मात्र पाळावा.

१३. सक्युलंट रात्री ऑक्सिजन सोडतात, म्हणून झोपण्याच्या खोलीत ठेवावेत असे फॉरवर्ड येतात. ते खरे का?

नाही. प्रश्न १२ मध्ये सांगितल्याप्रमाणे ही झाडे रात्री रंध्रे उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि आम्लाच्या रूपात साठवतात. ऑक्सिजन तयार होण्यासाठी मात्र प्रकाश लागतो, त्यामुळे तो दिवसाच तयार होतो. शिवाय दोन-चार कुंड्यांनी खोलीची हवा मोजण्याइतकी बदलत नाही. स्नेक प्लांट खोलीत जरूर ठेवावा, तो कमी उजेडात टिकतो एवढे कारण पुरेसे आहे.

१४. कोरफडीचा गर रोज खाल्ला तर चालतो का?

भाजल्यावर किंवा उन्हाने त्वचा करपल्यावर गर लावणे हा जुना आणि सौम्य उपयोग आहे. पोटात घेण्याची गोष्ट वेगळी आहे. पान कापल्यावर सालीलगत जो पिवळा, कडू चीक ओघळतो तो तीव्र रेचक असतो. तोच आटवून केलेला काळा बोळ जुन्या काष्ठौषधींच्या दुकानांत मिळतो. भाजीसाठी पान वापरायचे असल्यास ते कापलेल्या बाजूने वाटीत अर्धा तास उभे करून चीक गळू द्यावा, साल जाड काढावी आणि गर दोन-तीन पाण्यांनी धुवावा. गर्भवती आणि स्तनदा स्त्रिया, लहान मुले आणि मूत्रपिंडाचे विकार असलेल्यांनी वैद्याला विचारल्याशिवाय ती पोटात घेऊ नये. शोभेच्या कोरफडीच्या अनेक जाती बाजारात आहेत, त्या खाण्याच्या नव्हेत.

१५. कुंपणाचा शेर छाटताना चीक डोळ्यात उडाला. काय करावे?

लगेच वाहत्या स्वच्छ पाण्याने किमान पंधरा ते वीस मिनिटे डोळा धुवावा, चोळू नये, आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. सुरुवातीला फक्त चुरचुरते आणि काही तासांनी वेदना वाढतात, म्हणून ‘बरे वाटते’ यावर थांबू नये. दूध, तूप किंवा मध घालू नये. शेर, त्रिधारी, वई निवडुंग आणि काटेमुकुट यांपैकी काहीही छाटताना चष्मा व हातमोजे घालावेत, आणि वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे. गुरे शेराला तोंड लावत नाहीत म्हणूनच तो बांधावर लावला जात असे.

१६. आजी वई निवडुंगाचे पान भाजून खोकल्याला रस देत असे. आता द्यावा का?

हा उपाय आपल्या भागात खरोखर प्रचलित होता आणि अनेकांच्या आठवणीत आहे. तरीही तो देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. आयुर्वेदात या वनस्पतीला स्नुही म्हणतात आणि तिची गणना तीक्ष्ण विरेचनात, म्हणजे जोरदार जुलाब करवणाऱ्या औषधांत होते. पानाच्या रसात चीक किती उतरला हे घरी मोजता येत नाही, आणि लहान मुलाच्या बाबतीत तो फरक फार मोठा ठरतो.

तिचा शास्त्रोक्त उपयोग पाहायचा असल्यास भगंदरावरील क्षारसूत्र पाहावे. त्यासाठी सुती धाग्याला आधी अकरा वेळा केवळ स्नुहीचा चीक, मग सात वेळा चीक आणि आघाड्याचा क्षार, आणि शेवटी तीन वेळा चीक आणि हळद असे एकवीस लेप देतात, आणि प्रत्येक लेप वाळल्यावरच पुढचा चढवतात. हे प्रशिक्षित वैद्याने रुग्णालयात करण्याचे काम आहे.

१७. फड्या निवडुंगाची लाल बोंडे खाता येतात का? पूर्वी तो सगळीकडे होता, आता कोठे गेला?

पिकलेली बोंडे खाता येतात. मोठ्या काट्यांपेक्षा त्यांवरील केसासारखी बारीक कुसळे त्रासदायक असतात. गुराखी मुले बोंडे बारदानावर किंवा खरबरीत जमिनीवर घोळवून ती काढीत, आणि तरीही एखादे कुसळ जिभेत राहतच असे. चिमट्याने धरून आचेवर फिरवल्यास कुसळे जळतात, मग साल काढावी. बिया पुष्कळ असल्याने अति खाल्ल्यास पोट बांधले जाते. रसाचा लाल रंग बिटासारख्या रंगद्रव्याचा असतो. तो रंग पाहून ‘रक्त वाढते’ असे मानण्यात अर्थ नाही.

तो कोठे गेला याची गोष्ट मोठी गमतीची आहे. किरमिजी रंग देणारा कोचिनील किडा भारतात वाढवावा म्हणून १७९५ साली कलकत्त्यात कीटक आणले गेले, पण ती जात चुकीची निघाली. रंग मिळाला नाही, मात्र पुढे दक्षिणेतील एका जातीचा निवडुंग त्या किड्यांनी फस्त केला. पुढे १९२६ साली दुसऱ्या जातीचा किडा श्रीलंकेतून मुद्दाम आणून सोडण्यात आला आणि माळरानांवर माजलेला फड्या निवडुंग काही वर्षांत ओसरला. आजही एखाद्या फड्यावर पांढरा कापूस दिसला, तर तो चिरडून पाहावा, बोट किरमिजी होते.

१८. घायपाताला उंच दांडा आला आणि नंतर झाड वाळू लागले. ते वाचवता येईल का?

नाही, आणि वाचवण्याची गरजही नाही. घायपात, म्हणजे आपले केकताड, अनेक वर्षे साठा करून आयुष्यात एकदाच फुलते आणि मरते. बुडाची पिले आणि दांड्यावर लागणारी रोपटी मागे राहतात, ती उचलून लावावीत.

त्याच्या पानांतील वाख, म्हणजे धागे, काढून वळलेले कासरे, दावी आणि मोटेचे नाडे हा एके काळी गावगाड्यातील मोठा व्यवसाय होता, आणि बहुतांशी तो मातंग समाजातील कारागिरांच्या हातात होता. पाने कुजवून किंवा ठेचून गर काढताना अंगाला भयंकर खाज सुटते, हे काम केलेल्यांनाच ठाऊक. बेंदराला बैलांना नवा कासरा आजही लागतो, पण तो आता बहुधा नायलॉनचा असतो आणि बैलाची मान काचते अशी तक्रार जुने शेतकरी करतात.

१९. रानातील कोणते सक्युलंट खातात? रोप उपटून घरी आणले तर चालेल का?

घोळीची भाजी सर्वांना माहीत आहे. तिची आंबूस चव डाळीबरोबर जमते, पण मूतखड्याचा त्रास असल्यास ती बेताने खावी, कारण तिच्यात ऑक्झलेट भरपूर असते. माळावरच्या माकडशिंगाच्या कोवळ्या फांद्या खेड्यांत कच्च्या किंवा भाजी करून खातात.

रानातून उपटणे मात्र टाळावे. शिंदळमाकडी, म्हणजे फ्रेरिया इंडिका, ही जगात फक्त महाराष्ट्रातील डोंगरकड्यांवर सापडते. पावसाळ्यात तिला पाने येतात आणि उन्हाळ्यात ती गळून नुसते मांसल खोड उरते. कंदीलपुष्पांच्या अनेक जातीही अशाच मोजक्या जागी उरल्या असून, त्यांच्या जतनाचे मोठे काम येथील शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात झाले आहे. अशी झाडे पाहण्यासाठी सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या खडकाळ पठारावर, कॅमेरा न्यावा, खुरपे नेऊ नये. परदेशी कॅक्टस ऑनलाइन मागवतानाही काळजी घ्यावी, कारण जवळजवळ संपूर्ण कॅक्टस कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत आणि कागदपत्रांशिवाय आलेले रोप जप्त होऊ शकते.

२०. पुराच्या पाण्यात कुंड्या दोन दिवस बुडाल्या होत्या. काही वाचेल का?

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर नदीकाठच्या पेठांतून हा प्रश्न सर्वाधिक आला. पाणी ओसरताच रोपे कुंडीतून काढावीत, गाळाची माती पूर्ण टाकून द्यावी आणि मुळे स्वच्छ पाण्याने धुवावीत. पुराच्या पाण्यात सांडपाणी मिसळलेले असते, म्हणून हातमोजे घालावेत. काळी, लिबलिबीत मुळे कापून रोपे वर्तमानपत्रावर, वारा खेळत्या सावलीत आठ-दहा दिवस उघडी पडू द्यावीत. घरातील मंडळींना ती मेलेली वाटतील, त्यांनी पाणी घालू नये यावर लक्ष ठेवावे. घायपात, कोरफड, जेड आणि शेर बहुधा वाचतात, लहान गोल कॅक्टस क्वचितच. ज्यांचे बूड मऊ झाले आहे त्यांच्यासाठी प्रश्न ६ मधील कापणी त्याच दिवशी करावी, आणि नवी कुंडी भरण्यास ऑक्टोबरचे ऊन पडेपर्यंत थांबावे.